दोन वर्षांचा सैनिक

महाराष्ट्रातून जयपुरास येणारे पाहुणे आम्हांला एक प्रश्न हटकून विचारतात : "तुमचे घर त्या गुलाबी वस्तीत आहे का?" राजा पार्कात राहणाऱ्या माझ्यासारख्याला उत्तर देताना किंचित ओशाळल्यासारखे होते. सवाई जयसिंगाने १७२७ साली आखलेले गुलाबी शहर तटाच्या आत राहिले. राजा पार्क तटाबाहेर, आग्नेयेच्या बाजूला आहे. येथे झरोके नाहीत, जाळीदार सज्जे नाहीत. पंचवटी चौकाभोवतीची दाटीची दुकाने आहेत, छोले-भटुऱ्यांच्या कढया आहेत, गुरुद्वारा आहे आणि गच्चीवर चढले तर मोतीडुंगरीचा लहानसा किल्ला दिसतो. पाहुणे हवामहल पाहून दमतात आणि जेवायला आमच्या वस्तीत येतात. तेव्हा त्यांची तक्रार राहत नाही.

या वस्तीला जुना इतिहास नाही, परंतु जुने दुःख आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाब आणि सिंध येथून जी माणसे जयपुरास आली, त्यांतील पुष्कळांनी राजा पार्क, आदर्शनगर या भागांत आपले संसार नव्याने मांडले. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी दुकानांच्या गल्ल्यावर बसते. तरीही संध्याकाळच्या वेळी गल्लीतून चालत गेले की एखाद्या ओट्यावरून येणारी पंजाबी अजून कानांवर पडते. अमृतसर-लुधियान्याच्या पंजाबीहून ती निराळी. झेलमच्या पलीकडची, थोडी जड आणि लांब ओढलेली. बोलणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आपण मराठी लोक जयपुरात संख्येने अल्प. परंतु येथे आपण अगदीच परके नाही. जयसिंगाच्या दरबारात जगन्नाथ सम्राट होते, ज्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. त्याच राजाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हेही महाराष्ट्रीयच. त्यांच्या नावाची बाग गुलाबी शहरात अजून आहे. जयपूरने हे ऋण सुरांनी फेडले. या संस्थानातील उणियारा येथे १८५५ साली जन्मलेले अल्लादिया खाँ शाहूमहाराजांच्या कोल्हापुरात गेले, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठातून त्यांची गायकी घरोघर पोहोचली. ज्याला आपण 'जयपूर घराणे' म्हणतो ते वाढले महाराष्ट्रात. सूर कोठे जन्मावा आणि कोठे रुजावा याला काही नियम दिसत नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण एक माणूस आहे. तो जयपूरचा नव्हे आणि मराठीही नव्हे. पण आमच्या गल्लीत त्याचे नाव मी प्रथम ज्या रीतीने ऐकले, ती रीत मला विसरता येत नाही. आमच्या शेजारी एक पंजाबी आजी राहत असत. त्यांचे बालपण चकवालकडील एका खेड्यात गेले होते. फाळणीत ते सुटले. रेडिओवर एखादे गाणे लागले की त्या हातातले काम थांबवून नातवंडांना गप्प करीत आणि म्हणत, "हा आमच्या चकवालचा मुलगा आहे." गाणे लताबाईंचे असे. गाणारी कोण याकडे आजींचे लक्षच नसे. चाल कोणी बांधली एवढेच त्या ऐकत. तो 'चकवालचा मुलगा' म्हणजे मदनमोहन. आजी आता नाहीत. परंतु एखाद्या संगीतकाराला त्याच्या हरवलेल्या गावच्या नावाने हाक मारणारे माणूस मी त्यानंतर पाहिले नाही.

मदनमोहन कोहली यांचा जन्म २५ जून १९२४ रोजी बगदाद येथे झाला. वडील रायबहादूर चुनिलाल त्या वेळी इराकमध्ये हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मुलगा आठ वर्षांचा असताना कुटुंब चकवालला परतले. वडील पुढे मुंबईत 'बॉम्बे टॉकीज' आणि नंतर 'फिल्मिस्तान' या चित्रपटसंस्थांच्या कारभारात नावारूपास आले. मुलाचे शिक्षण लाहोर, मुंबई आणि देहरादून असे फिरत फिरत झाले. लाहोरला एका शिक्षकाकडून गाण्याची तोंडओळख झाली असेल तेवढीच; गंडा बांधून, उस्तादांसमोर वर्षानुवर्षे बसून घेतलेले शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. मुंबईच्या आकाशवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमांत मात्र ते अकराव्या वर्षापासून गात.

आणि मग १९४३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हा मुलगा सैन्यात सेकंड लेफ्टनंट झाला.

चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या माणसाने पुढे पंचवीस वर्षे अवीट चाली दिल्या, त्याच्या दोन वर्षांच्या लष्करी सेवेत कोण रमणार? परंतु मी ज्या शहरात राहतो तेथे सैनिक हा अपवाद नाही. जयपूरच्या उत्तरेला शेखावाटी लागते. झुंझुनू, सीकर, चुरू या जिल्ह्यांतील खेड्यांमध्ये सैन्यात माणूस नसलेले घर शोधावे लागते. आमच्या गल्लीतही निवृत्त सुभेदार आहेत, कर्नल आहेत. त्यांची शिस्त आपण सर्वजण पाहतो. सकाळचे फिरणे, इस्त्रीचा शर्ट, वेळेवर दिवा मालवणे. त्यांच्या एकटेपणाकडे मात्र कोणाची नजर जात नाही. गणवेश उतरवल्यानंतर माणूस कोण असतो, हा प्रश्न त्यांच्यातील प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. म्हणून मला ती एक ओळ ओलांडून पुढे जाता येत नाही.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदी सैन्यात पंचवीस लाखांच्या आसपास माणसे होती. सक्तीची भरती नसताना उभे राहिलेले एवढे मोठे सैन्य जगाने तोवर पाहिले नव्हते. युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्यांना घरी पाठवण्यात आले. कोणी शेतावर गेला, कोणी रेल्वेत, कोणी पोलिसांत. मदनमोहन तेव्हा एकवीस वर्षांचे होते. हुद्दा होता, इंग्रजी उत्तम होते, वडिलांचे नाव होते. त्या काळी अशा तरुणाला एखाद्या कंपनीत किंवा सरकारी खात्यात मानाची जागा मिळणे मुळीच अवघड नव्हते. त्यांनी गणवेश उतरवला आणि गाण्याची वाट धरली.

वडिलांना ही वाट पसंत नव्हती. यात एक चमत्कारिक गंमत आहे. चुनिलाल स्वतः चित्रपटाच्या धंद्यात होते; परंतु धंदा चालवणे निराळे आणि आपल्या मुलाने त्यात पेटी घेऊन बसणे निराळे. ज्याने स्वयंपाकघर आतून पाहिलेले असते, तो आपल्या मुलाला आचारी होऊ देण्यास सहसा राजी नसतो. वडिलांच्या आधारावाचून मुलाला काही काळ ओढगस्तीत काढावा लागला, असे सांगतात.

१९४६ साली ते लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर कार्यक्रम-सहायक म्हणून लागले. मला वाटते, गुरूविना राहिलेल्या या विद्यार्थ्याला तेथे एकाच वेळी अनेक गुरू भेटले. त्या केंद्रावर उस्ताद फैयाझ खाँ येत, अली अकबर खाँ येत, बेगम अख्तर गात. तलत महमूद हा कोवळ्या आवाजाचा तरुण तेथलाच. गझल ही वाचायची वस्तू नसून उच्चारायची वस्तू आहे, शब्दाचा नेमका कोणता स्वर लांबवला असता अर्थ ओला होतो आणि कोणता लांबवला असता तो विरून जातो, हे पुस्तकात सापडत नाही. कान उघडे ठेवून खोलीच्या कोपऱ्यात बसावे लागते. सैन्यातून नुकत्याच आलेल्या माणसाला हे बसणे जमले. १९४७ मध्ये त्यांची दिल्लीला बदली झाली. त्याच वर्षी बेहजाद लखनवींच्या दोन गझला त्यांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. त्यानंतर ते मुंबईत आले, सचिनदेव बर्मन आणि श्यामसुंदर यांच्या हाताखाली राहिले आणि १९५० साली 'आँखें' या चित्रपटाने त्यांचे नाव झाले.

लखनौचाच आणखी एक सैनिक-संगीतकार येथे आठवतो. आझाद हिंद सेनेचे कॅप्टन रामसिंग ठाकूर. मूळ गुरखा पलटणीतले. नेताजींच्या सेनेसाठी त्यांनी कूचगीतांच्या चाली बांधल्या आणि स्वातंत्र्यानंतर लखनौत सशस्त्र पोलिसांच्या बँडचे प्रमुख म्हणून काम केले. एकाच महायुद्धातील हे दोन गणवेशधारी. रामसिंगांचे संगीत पावलांबरोबर चालते. त्याला रांग हवी, ढोल हवा, पुढे फडकणारा ध्वज हवा. मदनमोहनांच्या संगीतात पाऊल थांबलेले असते. रांग मोडून प्रत्येक जण आपापल्या तंबूत गेला आहे, दिवे मालवले आहेत, आणि आता ज्याचे त्याने आपल्या मनाशी बोलायचे आहे, अशा घटकेचे ते संगीत आहे. दोन्हींची सैनिकाला गरज असते. पहिल्याची दिवसा, दुसऱ्याची रात्री.

मराठी माणसाला मदनमोहनांविषयी जे ममत्व वाटते त्याचे मुख्य कारण अर्थात लता मंगेशकर. १९४८ साली 'शहीद' चित्रपटासाठी गुलाम हैदर यांनी या दोघांकडून एक द्वंद्वगीत गाऊन घेतले होते. ते गीत बहीण-भावाचे होते. चित्रपटात ते आलेच नाही. परंतु नाते मात्र तेवढे मागे राहिले. 'आँखें'मध्ये लताबाई गायल्या नाहीत. पुढे मदनमोहनांनी त्यांना राखीपौर्णिमेच्या दिवशी घरी नेऊन हातात राखी दिली आणि त्या गीताची आठवण करून दिली, ही हकीकत लताबाईच सांगत. १९५१ च्या 'अदा'पासून त्या त्यांच्याकडे गाऊ लागल्या आणि शेवटपर्यंत 'मदनभैया' म्हणत राहिल्या. मंगेशकरांच्या घरातील थोरल्या मुलीच्या डोक्यावरचे वडिलांचे छत्र तेराव्या वर्षी गेले होते. तिच्या भावंडांच्या यादीत चकवालच्या या मुलाचे नाव सामील झाले, हे मला फार समर्पक वाटते.

त्या चालींविषयी बोलावे तर किती बोलावे! 'देख कबीरा रोया'तील रागेश्री, 'मेरा साया'तील भीमपलासी, 'दस्तक'मधील चारुकेशी. ज्या माणसाने घराण्याची तालीम घेतली नाही त्याने राग इतके स्वच्छ कसे उभे केले, याचे नवल जाणकारही करतात. मन्ना डे सांगत, की 'देख कबीरा रोया'च्या वेळी मदनमोहनांनी आधी त्यांना आपल्या हातचे भेंडी घातलेले मटण खायला बोलावले आणि मग गाणे शिकवले. स्वयंपाकात त्यांचा हात चांगला होता. 'भाई भाई'मधील लताबाईंचे एक गाणे ऐकून बेगम अख्तरांनी लखनौहून दूरध्वनी केला आणि ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतले, असेही सांगतात. 'अनपढ'मधील दोन गझलांच्या बदल्यात आपले सारे संगीत देऊन टाकण्याची तयारी नौशादांनी बोलून दाखवली होती, ही आख्यायिका तर प्रत्येक संगीतप्रेमी घरात सांगितली जाते. अशा आख्यायिकांची उलटतपासणी करू नये. त्या एखाद्या माणसाविषयी त्याच्या व्यवसायबंधूंना काय वाटत होते याच्या खुणा असतात.

'मेरा साया'चा उल्लेख आला म्हणून जाता जाता सांगतो. १९६६ चा हा चित्रपट म्हणजे राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार. मूळ कथा जयंत देवकुळे यांच्या कादंबरीतली. मराठी कथा राजस्थानात आली, उदयपूरच्या तलावाकाठी तिचे चित्रीकरण झाले, आणि झेलमकाठच्या माणसाने तिला सूर दिले. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी हा चित्रपट आपला मानावा, असा मी मित्रांपाशी नेहमी आग्रह धरतो.

परंतु सैनिक मदनमोहन शोधायचा असेल तर १९६४ च्या 'हकीकत'कडे जावे लागते. चेतन आनंद यांचा हा चित्रपट १९६२ च्या लडाखमधील युद्धावर आहे. या युद्धाची आठवण राजस्थानात विशेष बोचरी आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे तेराव्या कुमाऊँ पलटणीच्या ज्या तुकडीने जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली, तिचे नायक मेजर शैतानसिंग हे जोधपूरकडचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पराभवाची ती जखम ओली असताना देशात सगळीकडे आवेशाची गाणी हवी होती. कैफी आझमी यांनी गीते लिहिली आणि मदनमोहनांनी चाली दिल्या. त्यांतील एक गाणे तलत, रफी, मन्ना डे आणि तेव्हा नवखा असलेला भूपिंदर अशा चौघांनी मिळून गायले आहे. बर्फात अडकलेले, मागे हटणारे जवान एकेक करून घरच्या माणसांची आठवण काढतात. गाण्यात तुतारी नाही. शत्रूचे नावही नाही. एक आवाज थांबतो, दुसरा पुढे येतो; जणू एकाच शेकोटीभोवती बसलेल्या चार माणसांनी आळीपाळीने आपले मन उघडे करावे.

हे गाणे ऐकताना मला नेहमी वाटते, की ही चाल बांधणाऱ्याने कधीतरी बराकीतील रात्र अनुभवलेली आहे. हा माझा तर्क आहे. याला पुरावा मागू नये. गणवेश न घातलेल्या संगीतकाराला सैनिकाच्या गाण्यात प्रथम शौर्य दिसते. आणि ते चुकीचेही नाही. परंतु शौर्य हे सैनिकाचे कर्तव्य आहे, त्याविषयी तो स्वतः सहसा बोलत नाही. तो बोलतो पत्राविषयी, रजेविषयी, बहिणीच्या लग्नाविषयी. आणि चित्रपटाच्या शेवटी रफींच्या आवाजात जे गाणे येते, ज्यात मरणारे जवान देश पुढच्यांच्या स्वाधीन करतात, त्याचीही चाल आक्रोश करीत नाही. ती निरोप घेते. पहाऱ्यावरून उतरणारा जवान पहाऱ्यावर येणाऱ्याला जशा शांतपणे सूचना देतो, तशी ती चाल आहे. आज पंधरा ऑगस्टला चौकाचौकांत हे गाणे मोठमोठ्या कर्ण्यांवरून लागते. परंतु ते मुळात हळू ऐकण्याचे गाणे आहे.

आता येथवर आल्यावर घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहिला जात आहे.

माझा भाचा दहा वर्षांची अल्पसेवा संपवून सैन्यातून बाहेर पडला. वय अजून चाळिशीच्या बरेच अलीकडे. जयपुरात त्याला एका कंपनीत नोकरी लागली आणि तो आमच्या वरच्या खोलीत राहू लागला. आमच्या घरात एक जुनी पेटी आहे. तिचे दोन-तीन सूर हलतात. एके दिवशी त्याने ती स्वतः उघडून दुरुस्त केली. त्यानंतर रोज रात्री जेवणे झाली की वरून सूर येऊ लागले. तो कोणाची गाणी वाजवत नसे, स्वतःच्या चाली बांधत असे. कधी एखाद्या मराठी कवितेला, कधी नुसत्याच आलापाला. सहा महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्याच आठवड्यात नागपूरहून माझ्या बहिणीचा दूरध्वनी आला. "दादा, तू त्याला समजाव. मेजरच्या हुद्द्याचा माणूस पेटी घेऊन बसला तर लोक काय म्हणतील? उद्या त्याचे संसाराचे कसे व्हायचे?"

बहिणीची काळजी खोटी नव्हती. मी वर गेलो. त्याला समजावण्याऐवजी मी त्याला एवढेच विचारले, की हे गाणे तुझ्यात आले कोठून? आमच्या घराण्यात कोणी गाणारे नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तिकडे उंचावर चौकीवर असताना रात्री रेडिओ लागला की कोणी बोलत नसे. एरवी सगळे थट्टा करायचे, भांडायचे. पण एखादे जुने गाणे लागले की ज्याचा त्याचा चेहरा निराळा व्हायचा. मला तेव्हा वाटायचे, हे करणारा माणूस आमच्यापैकीच कोणीतरी असला पाहिजे."

विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि सैनिक बांधवांसाठी 'जयमाला' हा तिचा कार्यक्रम किती पिढ्या चालत आला, हे आपण जाणतो. फर्माइशीत नाव, हुद्दा आणि दूरच्या कुठल्यातरी ठाण्याचा उल्लेख ऐकत आपण मोठे झालो. त्या गाण्यांचे दुसरे टोक कसे असते ते मला भाच्याने दाखवले. मी त्याला सांगितले, की तुझा तर्क निदान एका माणसाच्या बाबतीत अगदी खरा आहे. आणि मग मदनमोहनांच्या त्या दोन वर्षांची गोष्ट सांगितली. त्यांनी कधी गणवेश घातला होता हे त्याला ठाऊक नव्हते.

येथे एखादा व्यवहारी वाचक मला हटकेल. तो म्हणेल, की एक मदनमोहन झाला म्हणून हजार तरुणांनी नोकऱ्या सोडाव्यात काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मदनमोहनांच्याच चरित्रात आहे. परंतु ते गोड उत्तर नाही. ज्यांच्या चालींवर नौशादांसारखे लोक जीव टाकत, त्यांना 'फिल्मफेअर'चे पारितोषिक हयातीत एकदाही मिळाले नाही. 'दस्तक'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोवर चाळिशी उलटून कितीतरी वर्षे झाली होती. गाणी गाजत आणि चित्रपट पडत. मोठमोठ्या निर्मात्यांची कामे इतरांकडे जात. मद्याने शरीर पोखरले, यकृत गेले, आणि १४ जुलै १९७५ रोजी, एक्कावन्न वर्षांचे असताना, ते गेले. 'मौसम' आणि 'लैला मजनू' यांचे यश पाहायला ते राहिले नाहीत. तेव्हा संगीताच्या वाटेवर सुख असते, असे त्यांच्या नावाचा दाखला देऊन कोणाला सांगता येणार नाही. मी भाच्याला हेही सांगितले. काही लपवले नाही.

परंतु त्यांच्या मागे एक पेटारा राहिला होता. वापरल्या न गेलेल्या चालींचा. निर्मात्यांनी नाकारलेल्या, चित्रपट रखडल्यामुळे पडून राहिलेल्या, स्वतःसाठीच गुणगुणून ठेवलेल्या. त्यांचे पुत्र संजीव कोहली यांनी त्या जपल्या. २००४ साली, मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, यश चोप्रा यांनी 'वीर-ज़ारा'साठी त्या घेतल्या. जावेद अख्तर यांनी त्यांवर शब्द लिहिले आणि पंचाहत्तर वर्षांच्या लताबाईंनी आपल्या मदनभैयाच्या चाली पुन्हा गायल्या. कथा कोणती, तर हिंदी वायुदलातील एक तरुण अधिकारी आणि लाहोरची एक मुलगी यांची. म्हणजे ज्या सीमेने चकवाल पलीकडे ठेवले आणि राजा पार्क अलीकडे वसवले, त्याच सीमेची. ज्या वर्षी ती गाणी गाजत होती, त्या वर्षी शेजारच्या आजी हयात होत्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते की ही चाल कोणाची. त्यांनी दूरचित्रवाणीसमोर बसून ती ओळखली, आणि नातवंडांना गप्प केले.

लोकांना वाटते, गणवेश उतरवलेल्या माणसापाशी एक रिकामी जागा उरते आणि गाणे म्हणजे ती जागा भरण्याचा छंद. मला हे उलटे वाटते. ती जागा आधीपासून असते. गणवेश तिला काही काळ झाकतो, एवढेच. चौकीवरची शांतता, न आलेले पत्र, शेजारी झोपलेल्या आणि उद्या कदाचित नसणाऱ्या सोबत्याचा श्वास, हे सारे ज्याने साठवले आहे त्याला ते कोठेतरी ठेवावे लागते. सर्वांनाच ते सुरांत ठेवता येत नाही. माझ्या गल्लीतील कित्येक वृद्ध सैनिकांनी ते कोठेच ठेवले नाही, आणि त्याचे ओझे त्यांच्या चालण्यात दिसते. ज्याला ते ठेवता येते, त्याला आपण थांबवू नये.

बहिणीला मी पत्र लिहिले. दूरध्वनीवर अशा गोष्टी नीट बोलता येत नाहीत. मी लिहिले, की तुझ्या मुलाचा मदनमोहन होईल असे मी म्हणत नाही. बहुधा होणार नाही. त्याला पैसा मिळेल असेही म्हणत नाही. परंतु तो एकविसाव्या वर्षी सैन्यात निघाला तेव्हा आपण स्टेशनावर त्याला पेढे दिले होते. तो कोठे जाणार, कसा राहणार, परत येणार की नाही, यांतले काहीही आपल्याला ठाऊक नव्हते, आणि तरी आपण अभिमानाने हात हलवला. दहा वर्षे त्याने दिली आणि आपण हिशेब मागितला नाही. आता तो दोन वर्षे मागतो आहे. दोन वर्षांत एकजण सैनिक झाला होता आणि ती दोन वर्षे वाया गेली नाहीत, हे त्याच्या चाली अजून सांगत आहेत. तुझ्या मुलालाही दोन वर्षे दे.

तिचे उत्तर आठ दिवसांनी आले. मजकूर एका ओळीचा होता. पेटीचे भाते जुने झाले असतील तर नवी घ्यावी, पैसे पाठवते, असे तिने लिहिले होते.